हळुवार हाताचे दातवाले डॉक्टर कसे शोधायचे? (खुर्चीत बसायचीच भीती वाटते)

चिंचगूळ
सोमवार, रात्री ११:५२

हसायचं असेल तर हसा, पण उत्तर देऊन हसा.

वय ४३. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एक सिझेरियन. घरात पाल निघाली की नवरा पलंगावर चढतो आणि झाडू मी घेते. पण दाताच्या दवाखान्याच्या जिन्यात तो लवंगेचा वास आला की माझे पाय तिथंच थिजतात. मागच्या महिन्यात दोनदा अपॉइंटमेंट घेतली. पहिल्यांदा जिन्यातूनच परत फिरले. दुसऱ्यांदा आत जाऊन बसले, तेवढ्यात पडद्यामागून कर्रर्र सुरू झालं. काउंटरवरच्या मुलीला "गाडी नो पार्किंगमध्ये आहे" असं सांगून सटकले. गाडी घरी होती. मी रिक्षानं गेले होते.

हे कुठून आलं तेही माहीत आहे. चौथीत असताना तालुक्याच्या गावी दाढ काढायला नेलं होतं. सुई टोचली आणि लगेच पकड लावली. मी हात ढकलला तर कंपाउंडरनं दोन्ही मनगटं धरून ठेवली. डॉक्टर म्हणाले, "एवढी घोडी झालीस, रडतेस काय?" दुखणं विसरले, ते वाक्य नाही विसरले.

आता डावीकडची खालची दाढ. आधी गार पाण्यानं सणक जायची, आता गरम चहानंही ठणकते, आणि रात्री आडवं झालं की कानापर्यंत कळ. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या आणि नको तितक्या गोळ्या खाऊन झाल्या.

पुण्यात, शक्यतो कोथरूड, कर्वेनगर, वारजे. 'वेदनारहित उपचार' प्रत्येक पाटीवर असतं, म्हणून पाटीवर विश्वास नाही. हळुवार हाताचा माणूस ओळखायचा कसा ते सांगा. नावं-नंबर इथे नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


खादाडभाऊ
मंगळवार, सकाळी ८:१०

नो पार्किंग!! हसून हसून पुरे वाट.

ताई, मी सहा फूट, वजन ९४, आणि तोंडात तो छोटा आरसा गेला की ओकारी येते. मागच्या खेपेला डॉक्टरांचा चष्मा थोडक्यात वाचला. त्यामुळे धागा वाचनखूण म्हणून साठवतोय. कुणाकडे ओकारीवर उपाय असेल तर तोही लिहा.


निशिगंधा
मंगळवार, सकाळी ९:३५

व्यनि केलाय. माझा एक अनुभव इथेही लिहिते.

लेक सहा वर्षांची असताना तिला लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे नेत होते. त्या बाई आधी सांगायच्या, मग ते यंत्र लेकीच्या नखावर फिरवून दाखवायच्या आणि मग तोंडात. ड्रिलला 'पाण्याचा भोंगा' म्हणायच्या. तिसऱ्या खेपेला मी न राहवून विचारलं, "तुम्ही मोठ्यांचं करता का हो?" त्या म्हणाल्या, "करते की. बऱ्याच आया बसतात या खुर्चीत, फक्त वर कार्टून लावत नाही." माझ्या दोन दाढा त्यांनीच भरल्या. तेव्हा शोधताना हाही एक दरवाजा ठोठावून बघ. सगळे मोठ्यांना घेतीलच असं नाही.


बिनधास्त_बापू
मंगळवार, सकाळी ११:०२

एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. आमच्या लहानपणी हलणारा दात दोऱ्यानं दाराच्या कडीला बांधायचे आणि दार लोटायचे. झालं काम. हळुवार डॉक्टर, हळुवार शिक्षक, सगळंच हळुवार पाहिजे आता.


खादाडभाऊ
मंगळवार, सकाळी ११:२०

बापू, सहज विचारतो, तुमचे स्वतःचे दात किती शिल्लक आहेत?


बिनधास्त_बापू
मंगळवार, दुपारी १२:४५

कवळी आहे. त्याचा इथे काय संबंध?


दंतकथा
मंगळवार, दुपारी ३:१५

मी स्वतः दातवाला. सांगलीकडे २० वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यामुळे पुण्याचं गिऱ्हाईक पळवतोय असा संशय नको. जरा सविस्तर लिहितो.

चिंचगूळ, न बघता निदान करू नये, पण तुम्ही सांगताय ती लक्षणं आमच्याकडे रोज येतात. दात म्हणजे बंद डबी. आतली नस सुजली तरी तिला फुगायला जागा नाही. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि डबीच्या आत ठणका सुरू होतो. अशा वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन उपयोग नसतो, आत शिरून ती नस काढावी लागते. गोळी दाढेच्या खाचेत दाबून ठेवणारेही बघतो, तसलं काही करू नका, हिरडी भाजते. आणि त्या 'नको तितक्या गोळ्या' कोणत्या, किती, हे डॉक्टरांना खरं सांगा.

आता भुलीबद्दल. "मला भूल चढतच नाही" म्हणणारे पेशंट खोटं बोलत नाहीत. सुजलेली जागा आम्लधर्मी होते आणि तिथे लिग्नोकेनचा, म्हणजे भुलीच्या औषधाचा, जोर कमी पडतो. त्यात खालच्या दाढेची भूल दाढेजवळ देत नाहीत. जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे देतात. ती मुरायला वेळ लागतो. ओठ जड झाला म्हणजे दाढ झोपली असं नाही. घाईतला डॉक्टर ओठ जड झाल्याबरोबर कोरायला लागतो. सवडीनं काम करणारा दहा-पंधरा मिनिटं थांबतो, दाढ वाजवून बघतो, गार लावून बघतो, मगच यंत्र उचलतो. तरी जागी असेल तर दाताच्या कडेनं, अगदीच झालं तर उघडलेल्या नसेतच थोडी भूल देता येते. चौथीत तुमच्या बाबतीत बहुधा हीच दहा मिनिटं वाचवली गेली.

सुई टोचते त्यापेक्षा औषध आत ढकलताना जास्त दुखतं. औषधाची नळी (कार्ट्रिज) १.८ मिलिलिटरची असते, ती रिकामी करायला मिनिटाच्या वर वेळ लागला पाहिजे. आधी हिरडी कोरडी करून जेल लावायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, गाल ताणून धरायचा, मग अगदी सावकाश. टाळूतली सुई मात्र कुणीही दिली तरी चावते, ते खोटं सांगत नाही.

आणि एक. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा ॲड्रिनलिन असतं, त्यानं काही मिनिटं छाती धडधडू शकते. घाबरणाऱ्या माणसाला वाटतं, संपलं आता. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला. रक्तदाब, हृदय, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काही असेल तर तुम्हीही आधी सांगा, आणि त्या गोळ्या मनानं बंद करू नका. साध्या भुलीसाठी उपाशी जायचं नसतं. घाबरट पेशंट हमखास उपाशी येतात आणि खुर्चीत घेरी येऊन पडतात.

ओळखायचं कसं? फोन करा आणि म्हणा, "मला फार भीती वाटते. पहिल्या दिवशी काही न करता नुसतं बोलायला आले तर चालेल का?" काय उत्तर येतं ते ऐका. आमचा हात हलका की जड हे त्या उत्तरातच बरंचसं कळतं.


कऱ्हाकाठची_कमळ
मंगळवार, सायंकाळी ५:४०

दंतकथा, प्रतिसाद आवडला. एक शंका. माझ्या सासूबाई वरची दाढ काढू देत नाहीत, डोळे जातात म्हणतात. गावाकडे रिंगणीच्या बियांची धुरी घेतात, त्यात किडे पडताना त्यांनी स्वतः बघितलेत म्हणे.


दंतकथा
मंगळवार, सायंकाळी ६:०५

डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. वरची दाढ काढून नजर जात नाही. चाळिशी लागायचं आणि दाढा जायचं वय साधारण एकच, म्हणून लोकांनी जोडी जुळवली असावी. किडा म्हणून जे पडतं ते बियांतलंच असतं. किडलेल्या दातात किडा नसतो, जंतू असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. सासूबाईंना मात्र हे असं तोडून सांगू नका, त्यांना चष्म्याच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या.


लेस्टरची_लेक
मंगळवार, रात्री ९:३०

इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) डेंटिस्ट मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्यापेक्षा अवघड झालंय, ते रडगाणं नंतर कधीतरी. पण भीतीच्या बाबतीत एक गोष्ट मला इथे आवडली. बाहेर बसल्या बसल्या पाच प्रश्नांचा कागद देतात. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, बाहेर थांबलाय, दात कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, मागच्या वरच्या दातापाशी हिरडीत सुई देणार आहेत. या प्रत्येक वेळी किती भीती वाटते त्याला १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा जास्त आली तर तीव्र भीती धरतात. माझे २२ होते. बारावीत एवढे पडले असते तर.

कागदाचा फायदा एवढाच की तोंडानं काही बोलावं लागत नाही. मी तो पुढे सरकवला, डॉक्टरनं वाचला आणि यंत्रांचा ट्रे माझ्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला. चिंचगूळ, हे पाच प्रश्न मराठीत लिहून ने. तुझ्या डॉक्टरला ठाऊक नसले तरी वाचता येतील ना!


ऑरेंजसिटी
मंगळवार, रात्री १०:१५

सरकारी दंत महाविद्यालयाचा पर्याय कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. नागपूरला मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात आहे, मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायर रुग्णालयाचं आहे. गोव्यात बांबोळीला. पैसे फारच कमी लागतात.

मी एका अशाच कॉलेजात दोन दाढांची नस काढून घेतली. करणारी मुलगी एमडीएस (दातांच्या डॉक्टरांचं पुढचं शिक्षण) करत होती. प्रत्येक पायरीला सर येऊन बघायचे, म्हणून घाई शून्य. एका दाढेला चार खेपा झाल्या. पण मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग असते. दहा ठिकाणचं कर्रर्र एकदम कानावर येतं. आवाजाची भीती असेल त्यानं विचार करावा. मला सुईची होती, आवाजाची नव्हती, म्हणून निभावलं.


मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
बुधवार, सकाळी ७:५०

तो हसवणारा वायू देतात ना हल्ली? मग एवढं रामायण कशाला?


दंतकथा
बुधवार, दुपारी २:३०

देतात, पण सगळीकडे सोय नसते. लहान मुलांच्या क्लिनिकमध्ये जास्त दिसते. नाकावर मास्क असतो, माणूस जागा राहतो, बोलतो, फक्त 'होऊ दे काय व्हायचं ते' अशी वृत्ती येते. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि अंमल उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर जमत नाही, गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टाळतात. आणि त्यानं भीती कमी होते, दाढ झोपत नाही. सुई लागतेच.

अवांतर: हा वायू दात काढायला पहिल्यांदा वापरला तो १८४४ साली, अमेरिकेत हार्टफर्ड गावी. होरेस वेल्स नावाचा दातवाला गंमत म्हणून वायूचा खेळ बघायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला पत्ताच नाही. वेल्सनं दुसऱ्या दिवशी स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टनला जाहीर प्रयोग केला तर नेमका पेशंट ओरडला आणि लोकांनी वेल्सला भोंदू ठरवलं. १८४६ मध्ये तिथेच ईथर देऊन ऑपरेशन यशस्वी करून दाखवणारा मॉर्टनही दातवालाच. आम्हाला कसाई म्हणता, पण भूल ही आमच्या लोकांची देणगी आहे. 🙂


चिंचगूळ
बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. दहा-बारा व्यनि आले. आज तीन ठिकाणी फोन केले, दंतकथांचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं.

पहिलीकडे मुलगी म्हणाली, "मॅडम, काहीच दुखत नाही, लहान मुलंपण करून घेतात, तुम्ही या तर!" दुसरीकडे पॅकेज. तपासणी मोफत, सफाईवर सूट, आणि आजच बुक केलं तर अजून सूट. भीतीचा विषय त्यांनी काढलाच नाही, मी काढलेला तोही गिळला.

तिसऱ्या ठिकाणी बाईंनी स्वतःच फोन उचलला. ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेमकी कशाची भीती वाटते? सुईची, आवाजाची, की गुदमरल्यासारखं होतं?"

मी गप्पच झाले. ३४ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सुई तर बाळंतपणात पाठीतही घेतलीय. मग तोंडातून निघालं, "कुणी हात धरेल याची." त्या म्हणाल्या, "बरं. इथे कुणी धरणार नाही. शुक्रवारी चारला या, त्या वेळी मागे कुणी पेशंट नसतो."

पण आता एक घोळ झालाय. काल रात्रीपासून दाढ दुखायची थांबली आहे. पूर्ण थांबली. चहा प्याला, काही नाही. आता जाऊ की राहू दे?


निशिगंधा
बुधवार, रात्री १०:५५

जा!!!


दंतकथा
बुधवार, रात्री ११:१०

जा. ठणका एकदम थांबतो तेव्हा बहुतेकदा नस मेलेली असते, दाढ बरी झालेली नसते. मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी सूज येते. नेमकी गणपतीत येते असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: रूट कॅनॉल त्या स्वतः करणार की बाहेरचे कन्सल्टंट? आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनॉलचे तज्ज्ञ, ठरलेल्या वारी येऊन करून जातात. ते कामात चांगले असतात, पण गप्पा एकीशी आणि खुर्चीत बसल्यावर समोर अनोळखी माणूस, असं तुम्हाला नको. कॅपचे पैसे धरून आहेत की वेगळे तेही विचारा.


चिंचगूळ
शुक्रवार, रात्री ८:२०

जाऊन आले. जिना चढले. वास होताच.

आज फक्त एक्स-रे आणि बोलणं. पाच प्रश्नांचा कागद दिला, माझे २१. बाईंनी खुर्ची आडवी केलीच नाही. म्हणाल्या, आधी हाताची रंगीत तालीम करू. डावा हात वर केला की त्या थांबणार. त्यांनी नुसता आरसा तोंडात घातला, मी हात वर केला, आरसा बाहेर. पुन्हा घातला, पुन्हा हात. तिसऱ्यांदा मी काही होत नसताना उगाच वर केला. तरी थांबल्या. मला वाटतं त्यांना ते कळलं होतं.

एक्स-रेची ती चौकोनी पट्टी जिभेखाली टोचली आणि उमासा आला. खादाडभाऊ, तुमच्यासाठी विचारून आले: जिभेच्या टोकावर मिठाची चिमूट, नाकानं श्वास, आणि एक पाय खुर्चीवरून उचलून धरायचा. मीठ कितपत काम करतं माहीत नाही, पण पाय धरून ठेवण्याच्या नादात पट्टी विसरले हे खरं.

रूट कॅनॉल त्याच करणार आहेत. मंगळवारी.


बिनधास्त_बापू
शुक्रवार, रात्री ९:००

कवळी हिरडीला टोचते आहे चार महिने. त्या बाई कवळीचं बघतात का?


खादाडभाऊ
शुक्रवार, रात्री ९:०४

बापू 🙏


चिंचगूळ
मंगळवार, रात्री ९:४५

झालं. पहिली बैठक झाली. अजून अर्धा ओठ माझा नाही, म्हणून टाइप करायला सोपं आहे, बोलायला नाही.

जेवून गेले होते. जेल लावलं, त्याला खोट्या स्ट्रॉबेरीची चव. सुई कळली, पण चिमटा काढल्याएवढी. त्यानंतर ते औषध इतकं सावकाश दिलं की मी मनात 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू केलं आणि दोन कडवी झाली. मग छाती धडधडली. बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून फक्त घड्याळाकडे बघत बसले. बारा मिनिटं त्या शेजारी स्टूलवर बसून होत्या. आम्ही कोथिंबिरीच्या भावावर बोललो, म्हणजे त्या बोलल्या, मी हूं हूं केलं.

मग दाढेवर रबराचा तो ताणलेला कपडा. गुदमरलं. हात वर. त्यांनी वरची कड नाकाखाली दुमडली, नाक मोकळं झालं. कोरायचा आवाज डोक्याच्या आतून येतो हो, तो काही कमी झाला नाही. दुखत नव्हतं, तरी मांड्या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या.

आणि एकदा दुखलं. खोटं कशाला लिहू. आत तीन नळ्या असतात म्हणे, दोन मेलेल्या होत्या, तिसऱ्यात ती बारीक सुईसारखी फाइल गेली आणि वीज चमकली. माझा हात वर गेला तोवर फाइल बाहेर होती. "सॉरी, ही अजून जागी आहे. आत थोडी भूल देते, दोन सेकंद चावेल." दोन सेकंद चावलं आणि मग काही नाही. त्या यंत्राचं टीं टीं ऐकत पाऊण तास गेला.

उठले तेव्हा बघितलं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर माझ्या घामाचे पंजे उमटले होते. असिस्टंट मुलीनं काही न बोलता फडक्यानं पुसले.

घरी चहा प्यायला गेले तर निम्मा ओढणीवर. पोरं हसून हसून लोळली. पुढची बैठक पुढच्या मंगळवारी, कॅप त्यानंतर.


कऱ्हाकाठची_कमळ
मंगळवार, रात्री १०:१०

ताई, व्यनि केलाय. नाव कळव. सासूबाई तयार झाल्यात, पण म्हणतात वरची दाढ नाही, आधी खालची करून बघू.